दाराआडची बाई

मला त्या सिनेमाचा मनापासून वैताग आला आहे. वाईट आहे म्हणून नव्हे. चांगला आहे, तेच तर दुखणं आहे. बेंगळुरूत आमच्या वयाची चार माणसं एकत्र बसली की कुणीतरी तो विषय काढतंच. स्टाफरूममध्ये काढतात, लग्नाच्या पंगतीत काढतात, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरने काढला, माझ्या तोंडात त्याची हत्यारं असताना. "मॅडम, तुम्हाला काय वाटतं? खरंच भूत होतं, की सगळं तिच्या डोक्यात?" तोंड उघडं ठेवून याचं उत्तर देता येत नाही. बंद करूनही देता येत नाही, कारण ते सिनेमा काढणाऱ्यानेच दिलेलं नाही. मी पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते. अर्धं गणित सोडवून पेपर टाकून जाणाऱ्याला मी पूर्ण मार्क देत नाही. या गृहस्थाला मात्र लोकांनी इतकी वर्षं डोक्यावर घेतलं आहे.

सिनेमा कन्नड, माझ्या शाळेच्या दिवसांतला. नवं जोडपं एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतं. दुपारी नवरा कामावर गेला की बायकोला स्वयंपाकघराच्या दाराआड एक बाई उभी दिसते. साडी ओली, पण केसांची नीट घट्ट वेणी घातलेली. ती किंचाळत नाही, अंगावर येत नाही, नुसती उभी असते. नवरा मेंदूचा डॉक्टर आणतो, सासू मांत्रिक आणते. दोघंही आपापल्या परीने हरतात. शेवटी ते बिऱ्हाड उठतं, नवं बिऱ्हाड येतं, आणि नव्या बाईला दाराआड जी दिसते ती आपली नायिका. वेणी घातलेली. इथे पडदा काळा. नायिका मेली का, ते दाखवलेलं नाही. शिवाय नव्या बाईला शेजारणीने आदल्याच प्रसंगात सगळी कहाणी तिखटमीठ लावून सांगितलेली असते, म्हणजे तिलाही भास होऊ शकतो. बसा आता भांडत.

त्या वेणीचं श्रेय मात्र मी देईन. केस मोकळे सोडलेल्या भुताला आपण पॉपकॉर्न खात बघतो. वेणी घातलेली बाई आपल्याच घरातली वाटते. घरी येऊन पाणी प्यायला उठलं की आधी तीच आठवते. म्हणून तो सिनेमा टिकला असावा. हल्ली कोरमंगलात पोरं तो पबमध्ये लावतात. मुली अंगावर पाणी ओतून घेऊन, वेणी घालून जातात आणि ओल्या साडीत बिअर पितात. माझी भाची जाते. तिने फोटो पाठवला तेव्हा मी फक्त एवढंच लिहिलं, की सर्दी होईल.

आमच्या घरात या सिनेमाला महालयाच्या अमावस्येचा मान आहे. हे ऐकून पुण्यामुंबईकडची माणसं चमकतात, म्हणून नीट सांगते. आमचं घराणं इकडे येऊन तीनेकशे वर्षं तरी झाली असतील. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि भांडताना दोन्ही. पितरांची अमावस्या इकडे मोठी, त्या दिवशी सरकारी सुट्टी असते. गेलेल्या माणसांना जे आवडायचं ते सगळं रांधून केळीच्या पानावर मांडायचं, त्याला एडे म्हणतात. वडे, खीर, मटण, आणि वडिलांसाठी फिल्टर कॉफी आणि बेकरीतला खारा बन. मांडून झालं की सगळ्यांनी खोलीबाहेर यायचं आणि दार ओढून घ्यायचं. आत पितर जेवतात. त्यांना कुणी बघत बसायचं नाही. थोड्या वेळाने दारावर टकटक करून, त्यांना आवरायला सवड देऊन, मग उघडायचं. तोवर बाहेर सगळे भुकेले बसलेले. माझ्या लहानपणी अशाच एका अमावस्येला टीव्हीवर हा सिनेमा लागला. दार उघडायची वेळ झाली तरी कुणी जागचं हलेना. त्या वर्षी पितरांना जेवायला भरपूर वेळ मिळाला. तेव्हापासून प्रथाच पडली. व्हीसीआर भाड्याने आणून झाला, सीडी झाल्या, आता भाची फोनवरून टीव्हीला जोडून देते.

सिनेमा संपला की भांडण. माझा मोठा भाऊ, आमचा अण्णा, भूतवाला. त्याचं चिकपेटला साड्यांचं होलसेल दुकान आहे आणि त्याच्या मते जगात गिऱ्हाईक सोडून सगळं काही समजण्यापलीकडचं आहे. मी डोकंवाली. "तिला झोप नाही, घरात बोलायला माणूस नाही, मग डोकं असे खेळ करतंच," हे माझं ठरलेलं. "मग साडीतून जमिनीवर गळलेलं पाणी कुठून आलं गे?" हे त्याचं ठरलेलं. भाची मोठी झाली आणि तिने तिसरं काढलं. "आत्या, अँबिग्युइटी हाच तर पॉइंट आहे." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. पॉइंट म्हणजे बिंदू, आणि बिंदू एका जागी असतो.

या सगळ्यात आई कुठे असायची? आत, स्वयंपाकघरात. वडे तळत, नाहीतर पुढच्या पंगतीची तयारी करत. तिने तो सिनेमा कधी समोर बसून पाहिलाच नाही. इतकी वर्षं फक्त ऐकला. तिचं मत काय, हे आम्ही तिला विचारल्याचं मला आठवत नाही.

आई माझ्याजवळ राहते, मल्लेश्वरमला. मी लग्न केलं नाही, वडील गेल्यापासून आम्ही दोघीच. गेल्या वर्षी उन्हाळा संपता संपता माझ्या लक्षात आलं, की आईने बांगड्यांना दोरा गुंडाळला आहे. हात खाली केला की त्या निसटून पडायला लागल्या होत्या. मी शुगर तपासली, थायरॉईड तपासलं, सगळं ठीक. मग एकदा कॉलेजातून लवकर आले तर सकाळी तिच्यासाठी काढून ठेवलेलं जेवण जसंच्या तसं. भात कोरडा पडलेला. विचारलं तर म्हणाली, "मागाहून जेवते." आणि हे मागाहून काही येईना. रविवारी मी समोर बसून वाढलं. ती बसली, ताटाकडे पाहिलं, खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं, आणि ताट हळूच पुढे सरकवलं.

"काय झालं?"

"ती बसली आहे ना."

खुर्चीवर इस्त्रीचे कपडे होते. मी म्हटलं, "तिथं कुणी नाही, आई."  मी आणखी दोनदा तेच म्हटलं, मोठ्याने, वर्गात म्हणते तसं. तिने उठून हात धुतले.

मला काय झालं ते स्पष्टच सांगते, मी घाबरले. आणि घाबरले की मला राग येतो. त्या रागातच मी अण्णाला फोन केला आणि पस्तावले. तो दुसऱ्या दिवशी दुकान सोडून आला ते कुठल्याशा देवळातला ताईत आणि लिंबं घेऊन. "मी सांगत होतो," म्हणाला. काय सांगत होता? त्याने आजवर फक्त सिनेमाबद्दल सांगितलं होतं! मी त्याला म्हटलं, तिला झोप लागत नाही, दिवसभर घरात बोलायला माणूस नाही, डोकं असे खेळ करतं. आणि बोलता बोलता मलाच कळलं, की वाक्यंसुद्धा तीच आहेत. आमची सत्तरी ओलांडलेली आई वजन उतरून अर्धी झाली होती आणि आम्ही दोघं तिच्यासमोर उभे राहून दरवर्षीचं भांडण भांडत होतो.

मी तिला मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने नीट तपासलं, स्कॅन केला, दुखण्याचं नाव सांगितलं. या दुखण्यात अशी माणसं दिसतात, म्हणाला, बहुतेकदा शांत बसलेली. हळूहळू विसरणं वाढेल, ओळख पुसट होईल, तयारीत राहा. मी मान हलवत होते, आणि तो थोडा पुढे झुकून म्हणाला, "त्या सिनेमातल्यासारखंच आहे, नाही का?" मला टेबलावरचा प्लास्टिकचा मेंदू उचलून त्याच्यावर फेकावासा वाटला. त्याने गोळ्या दिल्या. गोळ्यांनी आई अर्धा दिवस झोपायला लागली आणि उरलेल्या अर्ध्यात आणखी कमी खायला लागली. गोळ्या कमी केल्या. अण्णाने उंबऱ्यावर लिंबू ठेवलं, मी ते फेकून दिलं, त्याने परत ठेवलं. भाची कोरमंगलाहून येऊन आजीच्या पायाशी बसली आणि काय विचारलं, तर "आज्जी, तिची साडी ओली आहे का?" आईने तिच्याकडे असं पाहिलं, की पोरगी उठून बाल्कनीत गेली. कॉलेजातही बातमी पोहोचली. एक सहकारी बाई काळजीने जवळ आल्या, माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, "वेणी असते का हो?"

लोकांना झालं आहे तरी काय? एका माणसाने अंधारात बसून घाबरायची सोय केली, आणि आता दुसऱ्याच्या घरातलं दुखणंसुद्धा त्यांना त्याचा दुसरा भाग वाटतं.

मग महालयाची अमावस्या आली. आईला ओट्याशी उभं राहणं जमत नव्हतं, म्हणून वहिनी सकाळीच येऊन स्वयंपाकाला लागली. आई इतक्या वर्षांत पहिल्यांदा हॉलमध्ये बसली, पायांवर शाल घेऊन. एडे मांडून झालं. वडिलांची कॉफी मीच ठेवली, दार ओढून घेतलं. मी सिनेमाला नको म्हणत होते. अण्णा म्हणाला, मोडता घालू नको, वडिलांपासूनची रीत आहे. भाचीने लावला.

मांत्रिक दाराआडच्या बाईवर खेकसतो, "जा, निघून जा," तिथपर्यंत आलो आणि अण्णाला राहवलं नाही. "बघ, डॉक्टरला जी दिसली नाही ती याला दिसली."

"त्याला पैसे मिळतात दिसल्याचे," मी म्हटलं.

"आणि तुझ्या डॉक्टरला?"

"त्याने स्कॅन दाखवला. तू लिंबू दाखवलंस."

आता आम्ही कुठल्या बाईबद्दल भांडत होतो ते कुणापासूनच लपलेलं नव्हतं. भाचीने सिनेमा थांबवला. पडद्यावर ती वेणीवाली तशीच उभी राहिली. आणि आई बोलली.

"इतकी वर्षं आतून ऐकते आहे मी. भूत, डोकं. डोकं, भूत. सरी, असू दे. पण त्या बाईला कुणी एकदा तरी विचारलं का, की ती का उभी आहे? रोज दुपारी, जेवणाच्या वेळेला, स्वयंपाकघराच्या दारात बाईमाणूस येऊन उभं राहतं ते कशाला गे? इतकं शिकलात, एवढं कळत नाही?"

 मी मनातल्या मनात सबंध सिनेमा पहिल्यापासून फिरवून पाहिला, मला तो पाठ आहे. खरंच कुणी विचारत नाही. डॉक्टर नायिकेला विचारतो, किती दिवस झाले. मांत्रिक विचारतो, तू कोण. सासू विचारते, हे लोकांना कळलं तर काय होईल. पाणी हवं का, बसतेस का, जेवलीस का, हे त्या घरात कुणाच्याच तोंडून निघत नाही.

मी उठून आईच्या खुर्चीशी खाली बसले. "आई, तुझी बाई का येते?"

"जेवायला," ती म्हणाली, वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ मुलीला सांगावं तसं. "दुसरं काय? आणि तू माझ्यापुढं एकच ताट ठेवतेस. ती बघत बसते. घरात आलेल्याला उपाशी ठेवून मी कसं गिळू?"

अण्णा चाचरत म्हणाला, "अगं, पण ती खरं तर नाहीच..."

आईने बंद दाराकडे बोट केलं. "मग आत कोण जेवतंय?"

  मी गणित शिकवणारी, डोकंवाली, दरवर्षी वडिलांच्या कॉफीत साखर बरोबर पडली का ते चाखून बघते आणि मग दार ओढून घेते. त्यात काही चुकतं असं मला कधी वाटलं नव्हतं. शेवटी वहिनीच उठली, दारावर टकटक केली, जरा थांबली आणि दार उघडलं.

त्या दिवशी खिडकीजवळच्या खुर्चीपुढे स्टूल ठेवून मी एक पान जास्त वाढलं. आईने आधी तिकडे पाहिलं, मान हलवली, आणि मग जेवायला लागली. वडा खाल्ला, खीर खाल्ली, भात दुसऱ्यांदा मागितला. अण्णा भिंतीकडे तोंड करून उभा होता. मला रडू आलं, आणि रडताना या बाईचा, म्हणजे खुर्चीवरच्या बाईचा, भयंकर रागही आला. तोंड उघडून सांगायचं होतं एकदा, महिनोन्महिने आईला उपाशी मारलंस.

तेव्हापासून आमच्याकडे रोज एक ताट जास्त असतं. डॉक्टरला सांगितलं तर म्हणाला, पोटात अन्न जातंय ना, मग वाढत राहा. या वेळी सिनेमाचं नाव काढलं नाही, हे त्याचे उपकार. अण्णाने लिंबं बंद केली. भाचीने विचारलं, पबमधल्या मित्रमैत्रिणींना हे सांगू का, सगळे वेडे होतील. मी म्हटलं, बेडा, नको, आधीच पुरेसे आहेत.

पाहुणी मात्र वैताग आणते. तिला भात गरमच लागतो, हे मला आईकडून कळतं. सारात तिखट जास्त झालेलं तिला चालत नाही. दुपारी मी कॉलेजात असते तेव्हा कामाला येणाऱ्या बाईने दोन ताटं वाढायची. पहिल्या दिवशी त्या बाईने एकच वाढलं, तर आईने संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही. आणि ते दुसरं ताट शेवटी कुणी संपवायचं? मीच. रोजचं शिळं माझ्या नशिबी.

"तिला स्वल्प आणखी भात वाढ," आई म्हणते.

"आधीचाच पडलाय, आई. हात लावत नाही ती."

"लाजते."

मग मी वाढते. वाढताना पुटपुटते, भांडी आपटते, पण वाढते.

बांगड्यांचा दोरा सुटला. आईच्या अंगावर थोडं मांस आलं. डॉक्टरने सांगितलेलं दुसरं मात्र थांबलं नाही. आधी शेजारणीची नावं गेली, मग वहिनीचं, मग एकदा अण्णाला तिने दुकानात काम करणारा माणूस समजून साड्यांचे भाव विचारले. त्याने सगळे भाव नीट सांगितले आणि खाली जाऊन स्कूटरवर बराच वेळ बसून राहिला. मला मात्र ती ओळखायची. ओरडायची, म्हणजे ओळखायची.

मागच्या महिन्यातली गोष्ट, रविवारची दुपार. दोन ताटं मांडली, आईचं आणि पाहुणीचं. माझं नेहमीप्रमाणे मागाहून. भांडी विसळून पदर ओला झाला होता, तो पिळत मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, आई जेवते का बघत. तिने घास उचलला आणि परत ठेवला. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं मीठ कमी झालं असेल.

"तुम्ही कुठल्या, अम्मा?" तिने विचारलं.

 वर्गात इतक्या मोठ्याने बोलणारी मी, दाराला धरून नुसती उभी.

"किती वेळ उभ्या आहात?" ती म्हणाली. "जेवलात का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग बसा की. कुणी वाढलं नाही तुम्हाला?" आणि तिने स्वतःचं ताट उचलून माझ्या बाजूला सरकवलं.

मी ते तिच्यापुढे परत ठेवलं, आतून तिसरं ताट आणलं आणि तिच्यासमोर बसले. भात घेतला, सार घेतलं. मी पहिला घास तोंडात घालेपर्यंत तिने आपल्या ताटाला हात लावला नाही.